बुद्धिबळात सारखे हरताय? ओपनिंग पाठ करणे थांबवा, आधी हरलेला डाव उघडा

गुकेश आणि दिव्याच्या यशानंतर अनेकांनी मोबाइलवर बुद्धिबळाचे ॲप घेतले, चार दिवस खेळून काढूनही टाकले. नवख्या खेळाडूचा डाव नेमका कुठे हातचा जातो आणि तो थांबवायचा कसा?

बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी, २०२५च्या जुलैत, नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी होती. नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. त्याच विजयासोबत दिव्याला ग्रँडमास्टर किताब मिळाला, ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली. आमच्या घरी याचा परिणाम इतकाच झाला की, बाबांनी दुसऱ्या दिवशी फोनवर बुद्धिबळाचे ॲप घेतले. लहानपणी आजोबांकडून शिकलेला खेळ चाळीसेक वर्षांनी पुन्हा सुरू झाला आणि चौथ्या दिवशी बंद पडला. सलग अकरा डाव हरल्यावर त्यांनी ॲप काढून टाकले. ‘डोक्याला गंज चढला आता,’ एवढेच म्हणाले आणि पेपर उघडला.

त्यांना समजावण्याइतका माझाही खेळ काही मोठा नव्हता. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्ये शिकलो, नंतर दोन वर्षे लोकलमध्ये उभ्या उभ्या रोज चार-पाच डाव. यूट्यूबवर ओपनिंगचे व्हिडिओ पाहून झाले. रेटिंग मात्र आठशेच्या आसपास चिकटून बसलेले. सोसायटीच्या गणेशोत्सवातील स्पर्धेत पाचवीतल्या मुलीने वीस चालींत मात केली, तेव्हा पहिल्यांदा वाटले की एवढे डाव खेळलो, पण शिकलो काय?

डाव जातो कुठे?

इंजिनीअरला काही सुचेनासे झाले की तो एक्सेल उघडतो. मी माझे शेवटचे पन्नास हरलेले डाव काढले आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहिली : कोणत्या चालीला डाव हातचा गेला आणि का. ओपनिंग चुकल्यामुळे गेलेले डाव एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच निघाले. बाकी बहुतेक ठिकाणी कारण एकच, आणि ते सांगायलाही लाज वाटावी असे. मी मोहरा फुकट दिला होता. घोडा अशा घरात नेऊन ठेवला की प्याद्याने तो मारला. उंट हलवला आणि त्याच्या जोरावर उभा असलेला हत्ती उघडा पडला. समोरच्याने वजिरावर रोख धरला तो पाहिलाच नाही, कारण मी माझ्याच बेतात गुंग होतो.

‘जोर’ हा शब्द आपल्याकडे जुन्या खेळाडूंच्या तोंडी हमखास असतो. एखादा मोहरा मारला गेला तर मारणाऱ्याला परत मारता येईल अशी सोय म्हणजे त्या मोहऱ्याला जोर. नवख्यांचे बहुतेक डाव जोर नसलेल्या मोहऱ्यांवर हरले जातात. यात बुद्धी कमी पडत नाही, नजर कमी पडते.

आणि नजर कुणाचीही चुकते. नोव्हेंबर २००६ मध्ये जर्मनीतील बॉन येथे तेव्हाचा जगज्जेता व्लादिमीर क्रॅमनिक डीप फ्रिट्झ या संगणकाविरुद्ध खेळत होता. त्याने शांतपणे वजीर हलवला आणि संगणकाने पुढच्याच चालीला मात दिली. एका चालीतली मात जगज्जेत्याला दिसली नव्हती.

दुसरे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीतले. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. गुकेश आणि चीनचा डिंग लिरेन यांचे १३ डावांनंतर ६.५-६.५ असे समान गुण. चौदावा डावही बरोबरीकडे चालला होता. ५५व्या चालीला डिंगने हत्तीच्या बदल्यात हत्ती देऊ केला. गुकेशने नंतर सांगितले की, ती घोडचूक आहे हे त्यालाही लगेच लक्षात आले नव्हते. तो हत्तीची वेगळीच चाल करणार होता. मग त्याने पुन्हा पाहिले. हत्ती गेले की डिंगचा कोपऱ्यात अडकलेला उंटही मारामारीत जाणार आणि एका जादा प्याद्यावर डाव जिंकता येणार, हे त्याला दिसले. तीन चालींनंतर डिंगने डाव सोडला आणि १८ वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. मला या प्रसंगात सर्वांत मोलाचे वाटते ते ‘मग त्याने पुन्हा पाहिले’ हे वाक्य.

चालीआधीचे दहा सेकंद

समोरच्याने चाल केली की हात लगेच पुढे जातो. तिथेच थांबायचे. पहिला प्रश्न : ही चाल त्याने कशासाठी केली? हलवलेला मोहरा आता कशावर रोखलेला आहे, आणि तो जिथून उठला तिथली कोणती वाट मोकळी झाली? दुसरा प्रश्न : त्याला आता कोणता शह देता येतो, काय मारता येते, कशाची धमकी देता येते? शह, मार, धमकी, याच क्रमाने. मग आपली चाल ठरवायची आणि हात लावण्याआधी तिसरा प्रश्न : मी मोहरा तिथे ठेवला तर तो मारला जाईल का, आणि तो उठल्यामुळे दुसऱ्या कुणाचा जोर जातो का?

उदाहरण घेऊ. पटावरच्या उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या पट्ट्या त्याच्या बाजूने १ ते ८. पांढऱ्याने प्यादे ई४वर आणले, काळ्याने ई५वर. पांढऱ्याचा उंट सी४वर, काळ्याचा घोडा सी६वर. आता पांढरा वजीर थेट एच५वर येतो. नवखा काळा खेळाडू खूश होतो : वजीर बाहेर आला, घोडा एफ६वर काढतो आणि वजिरावरच हल्ला चढवतो! पुढच्या चालीला वजीर एफ७चे प्यादे मारतो. उंटाचा जोर असल्याने राजाला तो मारता येत नाही. मात. शाळाशाळांत दरवर्षी कित्येक मुले या चार चालींत हरतात. ‘वजीर एच५वर का आला?’ एवढे विचारले असते तर उत्तर पटावरच होते : ई५चे प्यादे आणि एफ७. ई५ला सी६च्या घोड्याचा जोर आहेच. मग जी-पट्टीतले प्यादे जी६वर सारून वजिराला हुसकावायचे. पुढे हा वजीर भटकत राहतो आणि काळ्याचे मोहरे निवांत बाहेर पडतात.

आणखी दोन घरे डोक्यात ठेवण्यासारखी. एक सी७. काळ्याचा राजा अजून मूळच्या ई८वर आणि हत्ती ए८वर असेल, तर सी७वर येणारा पांढरा घोडा राजाला शह देतो आणि त्याच वेळी हत्तीवरही असतो. राजा हलतो, हत्ती जातो. पांढऱ्याच्या बाजूला हेच घर सी२. दुसरी जागा म्हणजे किल्लेकोट केलेल्या राजाची शेवटची पट्टी. पुढे आपलीच तीन प्यादी भिंतीसारखी उभी, आणि समोरचा हत्ती शेवटच्या पट्टीवर उतरला की राजाला पळायला घर नाही. वेळ मिळाला की एखादे प्यादे एक घर पुढे सारून राजाला खिडकी करून द्यावी.

पाच अधिक एक म्हणजे सहाच का?

प्याद्याचा १ गुण, घोडा आणि उंटाचे प्रत्येकी ३, हत्तीचे ५, वजिराचे ९ हा हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो. मारामारी सुरू करण्याआधी किती जण मारणारे आणि किती जणांचा जोर हे मोजायचे, आणि शेवटी काय दिले, काय मिळाले ते पाहायचे. मात्र हे कोष्टक डोळे मिटून वापरू नका. मी ते वर्षभर तसेच वापरले. काळ्याने किल्लेकोट केला की एफ७च्या प्याद्यावर घोडा आणि उंट दोन्ही तुटून पडायचे : घोड्याने प्यादे मारले, हत्तीने घोडा मारला, उंटाने हत्ती मारला, राजाने उंट मारला. दिले ३ अधिक ३, मिळाले ५ अधिक १. हिशेब बरोबर, डाव मात्र मी हरत गेलो. कारण सुरुवातीला हत्तीला पळायला मोकळ्या पट्ट्याच नसतात. घोडा आणि उंट हे कामाला लागलेले दोन गडी असतात. ते देऊन आपण एक झोपलेला गडी आणि एक प्यादे घेतो.

आजोबांचे नियम आणि ॲपचे नियम

बाबांच्या अकरा डावांपैकी काही डाव मी त्यांच्यासोबत पाहिले, तेव्हा एक गंमत कळली. ते प्यादे नेहमी एकेक घरच चालवत होते. किल्लेकोट एकदाही केला नव्हता. आपल्याकडे घराघरांत खेळल्या जाणाऱ्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चाले, शह नसताना राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येई आणि प्यादे ज्या पट्टीत शेवटी पोहोचेल त्या पट्टीचाच मोहरा मिळे. प्रांताप्रांतांत यात फरक होते. घरी शिकलेल्या अनेकांच्या हातात आजही ते नियम आहेत आणि ॲप त्याविषयी काही सांगत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते. असे दोन घरे उडी मारून आपल्या प्याद्याच्या शेजारी आलेले प्यादे, ते एकच घर आले आहे असे समजून, लगेचच्या चालीला तिरके मारता येते. शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचा हवा तो मोहरा, म्हणजे बहुतेकदा वजीर, होतो. किल्लेकोटासाठी राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, मधली घरे रिकामी असावीत, राजाला शह नसावा आणि तो ज्या घरावरून जाणार किंवा जिथे बसणार तिथे समोरच्याचा रोख नसावा. एवढे एकदा पटावर हाताने करून पाहिले की पुरे.

हरलेला डाव कसा पाहायचा?

माझ्या मते या लेखातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच, आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात. हरल्यावर बोट ‘नवा डाव’कडे जाते. राग आलेला असतो, पुढचा डाव त्याहून वाईट जातो.

डाव संपला की ॲपमधले संगणकाचे विश्लेषण लगेच सुरू करू नका. आधी स्वतः चाली मागे घ्या आणि डाव कुठे फिरला ते शोधा. त्या क्षणी काय विचार करत होतो ते एका ओळीत लिहा. ‘त्याचा उंट दिसलाच नाही’, ‘वेळ कमी होता म्हणून हात घाईने गेला’, असे. मग विश्लेषण लावा आणि आपले उत्तर ताडून पाहा. संगणक चूक कोणती ते क्षणात सांगतो. ती का झाली हे त्याला माहीत नसते, ते फक्त तुम्हालाच माहीत असते. वीस डावांची अशी यादी झाली की तीच तीच दोन-तीन कारणे पुन्हा पुन्हा दिसू लागतात. माझ्या यादीत सर्वांत वर होते ‘लांबून येणारा उंट’. तेव्हापासून चाल करण्याआधी मी आधी तिरक्या रेषा पाहतो.

अर्थात तीन मिनिटांच्या डावात यातले काहीच होत नाही. लोकलमधले माझे शेकडो डाव म्हणूनच वाया गेले. निदान पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा, असा डाव लावा. दिवसाला एक पुरे. तीन मिनिटांचे डाव जरूर खेळा, पण त्याला सराव म्हणू नका.

नील चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या २००५च्या अभ्यासातही असेच दिसले होते : स्पर्धेतले खेळाडू किती डाव खेळले यापेक्षा त्यांनी एकट्याने बसून किती तास गंभीर अभ्यास केला, त्यावरून त्यांच्या रेटिंगचा अंदाज जास्त चांगला बांधता येत होता.

कोडी कशासाठी?

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांचा १९७३चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवून झाकली, तर तरबेज खेळाडू ती जवळपास जशीच्या तशी मांडत. नवख्यांना चार-पाचच मोहरे आठवत. पण मोहरे पटावर कसेही विखुरले, की तरबेज खेळाडूंची ही आघाडी जवळजवळ संपून जाई. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती अचाट नव्हती. त्यांना सुटे मोहरे न दिसता ओळखीचे गट दिसत होते, आपल्याला वाक्य वाचताना सुटी अक्षरे न दिसता शब्द दिसतात तसे.

ही ओळख कोड्यांतून वाढते. लिचेस या संकेतस्थळावर आणि ॲपवर कोडी पूर्ण मोफत आहेत, जाहिरातीही नाहीत. रोज पंधरा मिनिटे, पण एक पथ्य पाळा : पूर्ण उत्तर मनात दिसल्याशिवाय पटाला बोट लावायचे नाही. ‘ही असेल बहुतेक’ म्हणून खेळलेली चाल बरोबर आली तरी तिचा उपयोग नाही. सुरुवातीला एका चालीतली मात, घोड्याचा दुहेरी हल्ला आणि राजापुढे जखडून पडलेला मोहरा एवढेच विषय घ्या. चुकलेली कोडी आठवड्याने पुन्हा सोडवा.

शेवटाकडून सुरुवात

क्युबाचा जगज्जेता कापाब्लांका याने १९२१च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकाची सुरुवात ओपनिंगने केली नाही. पहिल्याच प्रकरणात त्याने साध्या माती आणि प्याद्यांचे शेवट घेतले. पट जवळजवळ रिकामा असला की प्रत्येक मोहरा काय करू शकतो ते स्वच्छ दिसते.

वजीर आणि राजा मिळून मात करता येणे ही पहिली पायरी. इथे हमखास घात होतो. समोरचा एकटा राजा एच८च्या कोपऱ्यात आहे आणि तुम्ही वजीर जी६वर ठेवला, तर त्याला शह नाही आणि हलायलाही घर नाही. हा स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. जिंकलेल्या डावाचा अर्धा गुण गेला. खूण सोपी आहे : राजा कोपऱ्यात असताना वजीर त्याच्यापासून घोड्याच्या अडीच घरांवर ठेवायचा नाही.

दुसरी पायरी एक प्यादे आणि राजा विरुद्ध एकटा राजा. बहुतेक जण प्यादे पुढे पळवतात. पळवायचे नाही, आधी राजा पुढे न्यायचा. पांढऱ्याचा राजा आपल्या प्याद्याच्या पुढे सहाव्या पट्टीवर पोहोचला, तर चाल कुणाचीही असो, प्याद्याचा वजीर होतोच. अपवाद कडेच्या ए आणि एच पट्टीतल्या प्याद्याचा; तिथे समोरचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला की बरोबरी. सिंगापूरला डिंगने डाव का सोडला, तेही हे शिकल्यावर कळते.

मग ओपनिंग कधी?

सुरुवातीला एवढेच : मधली घरे एखाद्या प्याद्याने धरा, घोडे आणि उंट बाहेर काढा, दहाव्या चालीच्या आत किल्लेकोट करा, वजीर घाईने बाहेर आणू नका. पाठ केलेल्या बारा चाली सहाव्या चालीला निकामी होतात, कारण समोरच्याने तो व्हिडिओ पाहिलेला नसतो.

रेटिंग म्हणजे काय आणि बाबा का हरले?

रेटिंगची ही पद्धत अर्पाद एलो या हंगेरियन वंशाच्या अमेरिकी प्राध्यापकाची. जागतिक महासंघ फिडेने ती १९७०मध्ये स्वीकारली. तिचा गाभा म्हणजे एक साधे सूत्र. १०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडू सरासरी ६४ टक्के गुण मिळवतो. फरक ४०० असेल तर खालच्याच्या वाट्याला ११ डावांत सरासरी एक गुण येतो.

आता गंमत बघा. काही ॲप नव्या खेळाडूचे खाते सरसकट १५००वर उघडतात, काही आपली पातळी विचारतात. बाबांचे खाते १५००वर उघडले होते. त्यांची खरी पातळी हजारच्या आसपास असावी, कदाचित कमीच. म्हणजे यंत्राने त्यांना सुरुवातीला चारशे-पाचशे गुणांनी भारी खेळाडूंसमोर बसवले. सूत्राच्या हिशेबाने अकरा डावांत फार तर एखादा गुण मिळायचा होता. गंज वगैरे काही नव्हता. यंत्र त्यांना अजून ओळखत नव्हते, इतकेच. सुरुवातीला रेटिंग झपाट्याने खाली येते आणि मग बरोबरीचे खेळाडू भेटू लागतात. त्यानंतरही निम्मे डाव हरायचेच असतात. ॲपवरचे १४०० आणि फिडेचे १४०० हेही एक नव्हेत. फिडेने मार्च २०२४पासून आपल्या रेटिंगची खालची मर्यादाच १४०० केली आहे.

मुलांना क्लासला घालावे का, असे पालक विचारतात. प्रशिक्षक मुलाचे हरलेले डाव उघडून त्याच्यासोबत बसत असेल तर जरूर घालावे. नुसत्या ओपनिंगच्या झेरॉक्स वाटत असेल, तर ते पैसे पट आणि घड्याळावर घातलेले बरे.

हे सूत्र मी बाबांना कागदावर मांडून दाखवले. त्यांनी दोनदा आकडे तपासले, निवृत्त लेखापाल शेवटी. संध्याकाळी ॲप परत आले. आता ते दिवसाला एकच डाव खेळतात आणि जुन्या डायरीत हरल्याचे कारण लिहितात. ‘प्यादे दोन घरे जाते हे विसरलो’ अशी नोंद पहिल्या पानावर तीनदा आहे. गेल्या रविवारी जेवणानंतर आम्ही लाकडी पट मांडला. माझे काळे होते. मी वजिराच्या बाजूने हल्ला रचण्यात इतका रमलो की किल्लेकोट राहूनच गेला. त्यांचा घोडा बी५वर आला, मी तिकडे लक्षच दिले नाही आणि माझे प्यादे पुढे सारले. घोडा सी७वर उतरला. इकडे राजा, तिकडे हत्ती. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, ‘मघाशी घोडा बी५वर कशासाठी आला होता?’